पप्पांच्या बेससाठी अ‍ॅम्प

२० एप्रिल, रविवार

हाही गुणगुणतो! तिसरा अ‍ॅम्प हा. नौपाड्यातल्या दुकानात डबल बेस घेऊन गेलेलो. माणसाएवढं वाद्य, रिक्षावाले बघूनच पळतात — शेवटी टेम्पो केला. दुकानदार म्हणे, "गिटारचा आहे, पण चालवून घ्या." खालचे सूर फाटत होते, ते सोडा. पण मध्येच तो आवाज. बारीक, नाकातून. त्याला विचारलं, ऐकू येतंय? तो म्हणाला, "काय?" गुपचूप बेस उचलला आणि निघालो.

बुद्धपौर्णिमेला डोंबिवलीत आमच्या ग्रुपमधल्या वैशालीच्या गाण्यांचा कार्यक्रम आहे. हॉल मोठा. अ‍ॅम्पशिवाय बेस पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू जाणार नाही. पप्पा गेल्यापासून त्यांचा बेस पहिल्यांदाच स्टेजवर चढतोय, आणि आपल्या बजेटमधला एक धड अ‍ॅम्प मिळू नये?

२१ एप्रिल

तो आवाज पप्पांचा आहे. लिहून टाकलं एकदाचं.

२४ एप्रिल

पप्पा वाजवताना गुणगुणायचे. छोटा माईक स्पंजात गुंडाळून तारांच्या घोडीखाली खोचायची त्यांची पद्धत. स्वस्तात काम व्हायचं, पण बेसबरोबर गुणगुणणंही स्पीकरमधून यायचं. बदलापूरच्या कार्यक्रमात मी कीबोर्डवर होतो. मध्यंतरात सगळ्यांसमोर ओरडलो — "पप्पा, तोंड बंद ठेवा ना! लोक हसतायत!" ते "बरं" म्हणाले. पुढचा सगळा कार्यक्रम गप्प वाजवला. घरी येऊन बेसवर चादर घातली, ती परत काढलीच नाही. दोन वर्षांनी गेले.

आईला हे अजून माहीत नाही. तिला वाटतं, त्यांची बोटं दुखायची.

२७ एप्रिल

कल्याणला कीबोर्डचा अ‍ॅम्प बघितला. आवाज साफ. पण वजन एवढं, की कळव्याला आमचे तीन जिने चढवताना माझी काशी होईल. आणि त्यातही तेच! च्यायला, पप्पा, अजून किती दिवस?

४ मे, रविवार

डोंबिवलीचा कोणी केदार जुना बेस अ‍ॅम्प विकतोय. एका हाताने उचलता येतो, भावही परवडणारा. वैशाली सोबत आलेली. नेहमीसारखा पप्पांचा स्पंजातला माईक खोचला, वाजवायला लागलो — आलाच आवाज! म्हटलं, नको, हाही खराब. केदार चिडला. "दादा, चार वर्षं वापरतोय. असा आवाज कधीच नाही आला."

वैशाली माझ्याकडे बघत राहिलेली. म्हणाली, "अरे राजरत्न, तूच गुणगुणतोयस."

काहीतरीच! मी भांडलोच तिच्याशी. मग तिने मोबाईलवर शूट करून दाखवलं. ओठ मिटलेले, गळा हलतोय. मीच.

अ‍ॅम्प घेतला. केदारला सॉरी म्हणायचं राहिलं.

६ मे

तोंडात पाण्याचा घोट धरून वाजवलं. आवाज नाही. नुसता बेस — गोल, भरलेला, एकदम स्वच्छ. हेच पाहिजे होतं ना मला? दोन गाणी वाजवली आणि रडू आलं. इतके दिवस घाबरलेलो, तर आज तो आवाज नाही म्हणून रडतोय. डोकं फिरलंय माझं.

१२ मे

कार्यक्रम झाला. तोंड बंद ठेवलं नाही. कोणाला हसायचं तर हसू दे म्हटलं! कोणी हसलं नाही. आई पहिल्या रांगेत होती, सारखी पदराने डोळे पुसत होती.

१३ मे

सकाळी चहा देताना आई म्हणाली, "काल गुणगुणत होतास ना? दोन-अडीच वर्षांचा होतास तेव्हा असाच. बेसला पाठ लावून बसायचास आणि पप्पांनी वाजवायला घेतलं की तुझं सुरू. त्यांना ती सवय नव्हती रे आधी. तू शाळेत जायला लागलास, बेसजवळ बसेनास, तेव्हापासून ते स्वतःच गुणगुणायला लागले. म्हणायचे, त्याच्याशिवाय सुनं सुनं वाटतं."

बदलापूरचं तिला आज सांगणार होतो. नाही सांगता आलं.