आधी ऑइल, मग गाडी

प्रिय भिंगरी,

तुझा खांदा बरा झाल्याचा निरोप येऊन किती दिवस झाले, आणि मी आज लिहायला बसलोय. रागावू नकोस. दुकानात गर्दी होती असं सांगितलं तर ते अर्धंच खरं होईल. काय लिहावं आणि काय पोटात ठेवावं हेच ठरत नव्हतं. फोनवर माझं तुला ठाऊकच आहे, जेवलीस का, झोपलीस का, एवढ्यावर गाडी अडते. आणि मी फोन लावला की वरच्या मजल्यावर तुझ्या आईचा मिक्सर बंद होतो, मग तर माझी वाचाच बसते.

खांदा थंडीत दुखतो का? डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करतेस ना? की बरं वाटलं म्हणून सोडून दिलेस? तू सोडून दिले असशील. असो.

दुकानाचं सांगतो. तुमच्या मोटरसायकल शर्यतीच्या टीमला पैसा पुरवणाऱ्या ऑइल कंपनीने माझ्या दारात तुझा पुठ्ठ्याचा पुतळा उभा केलाय, माणसाएवढा. हेल्मेट घातलेलं, त्यामुळे तोंड दिसत नाही. ही माझी भाची असं मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर लोक भिडेखातर ऑइल घेतील आणि मग तोंड चुकवत फिरतील. वारा सुटला की मी पळत जाऊन तुला आत घेतो. एकदा तू आडवी पडलीस तर मी गिऱ्हाईक तसंच सोडून धावलो. पुठ्ठाच तो, पण तरी.

मागच्या महिन्यात त्या कंपनीची एक बाई आली. वयाने लहान, बोलायला गोड, हातात टॅब. म्हणाली, काका, आम्ही दुकानोदुकानी एकच विचारतोय, शर्यत बघून लोक आमचं ऑइल घेतात का? मी म्हटलं, बाई, माझं आयुष्य या काउंटरमागे गेलं. लोक गॅरेजवाला सांगेल ते घेतात. पोरं येतात, पुतळ्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात, फुकट स्टिकर मागतात आणि दुसऱ्या कंपनीचा स्वस्त डबा घेऊन जातात. ती हसली. म्हणाली, मग तुमच्याकडे आमच्या डब्यांचा खप आजूबाजूच्या सगळ्या दुकानांपेक्षा जास्त कसा? जाताना सहज बोलून गेली, पुढच्या वर्षी थोडेच खेळाडू ठेवणार आहोत, ज्यांच्या नावावर माल खपतो तेवढेच. तुझं नाव तिच्या त्या टॅबमध्ये असणार, आणि ते राहणार की जाणार हे माझ्या दुकानावर!

खप एवढा आहे हे ऐकून आधी मला वाटलं, पोरीचं नाव झालं. दोन दिवस मी छाती काढून बसलो. मग काळजी लागली, कारण तो डबा कोण नेतं ते आठवू लागलो. माझ्याकडे येणारा माणूस जुना डबा घेऊन येतो, नाहीतर गाडी कुठली ते सांगतो. हे लोक काहीच सांगत नव्हते. पुतळ्याकडे बोट दाखवायचे, ‘हिचं द्या.’ समोरचा शिंपी असाच नेत होता. त्याच्याकडे फक्त सायकल आहे. मी त्याला धरलं, ‘काय रे, ऑइल कशाला लागतं तुला?’ म्हणे, ‘साखळीला.’ म्हटलं, ‘एवढं ऑइल साखळीला? सायकल पोहायला नेतोस काय?’ तेव्हा तो ओशाळून वर बघायला लागला, तुझ्या आईच्या खिडकीकडे.

हो, तुझी आई. शिंप्याला, लाँड्रीवाल्याला, कोपऱ्यावरच्या नर्सबाईंना, सगळ्यांना तीच पैसे देऊन पाठवत होती. डबे शिंप्याच्या माळ्यावर रचलेत, कापडाच्या गठ्ठ्यांमागे. तू शर्यतीत पडल्यावर तुमचं ते भांडण झालं, त्याच्या पुढच्याच आठवड्यापासून. ‘आता पुरे झालं, घरी ये’ असं ती म्हणाली, ‘माझा जीव आहे, मी बघेन’ असं तू म्हणालीस, आणि तेव्हापासून दोघीही माझ्यामार्फत एकमेकींची चौकशी करता. मी मधल्या मध्ये पोस्टमन. आणि बाईसाहेब इकडे डबे भरतायत!

मी वर गेलो. म्हटलं, धाकटे, हा काय वेडेपणा? गाडी नाही, घोडा नाही, ऑइल कशाला? ती भाजी निवडत होती, मान वर केली नाही. म्हणाली, ‘दादा, तुझ्या दुकानात मी काय घ्यावं हे तू नको सांगूस.’ मी म्हटलं, वापर नसताना घेतलेला माल हा खप नव्हे, ही फसवणूक झाली. हे तिला लागलं. तुझी आई उभ्या जन्मात कुणाशी खोटं बोललेली नाही, तुला माहीतच आहे. तिसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याकडून एक जुनी स्कूटर घेऊन आली. म्हणे, आता वापर आहे.

तिला या वयात रस्त्यावर कुठे पाठवू? थांबवायला म्हणून मी सांगितलं, अगं, हे ऑइल गिअरच्या गाडीचं, बिनगिअरच्या स्कूटरला वेगळं लागतं. वाटलं, जिंकलो. संध्याकाळी पाहतो तर स्कूटर परत करून मोटरसायकल आणलेली! गिअरची, क्लचची. मागच्या मैदानात गॅरेजवाला तिला शिकवतो. ती क्लच झटकन सोडते, गाडी उडी मारून बंद पडते, आणि तो लांबून ओरडतो, ‘आजी, हळू! बेडूक नाही ती!’ मी कुंपणाला धरून उभा असतो. कालपासून ती दुसऱ्या गिअरमध्ये जाते. रक्तदाब माझा वाढलाय.

आणखी एक सांगतो. ती शर्यती बघत नाही असं मला वाटायचं. बघते, शिंप्याच्या घरी. परवा माझ्यासमोर तिच्या तोंडून निसटलं, ‘पडल्यापासून पोरगी वळणाच्या फार आधी ब्रेक मारते. पूर्वी मारत नव्हती.’ मला यातलं काही कळत नाही, खरं आहे का? खरं असेल तर जपून मारतेस ते बरंच आहे, माझ्या मते. पण तिला ते आवडलेलं दिसलं नाही.

आता हे पत्र का लिहितोय ते. कंपनीची बाई शनिवारी परत येणार आहे, आणि या वेळी तिला दुकानातल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला भेटायचंय. कंपनीचा माणूस चौकशीला आला तेव्हा शिंप्याने घाबरून तुझ्या आईचं नाव सांगून टाकलं. बाई आडनाव विचारणार, पुतळ्याखाली तेच आडनाव छापलेलं. मी तुझ्या आईला म्हटलं, तू आपल्या ताईकडे जा दोन दिवस, मी सांभाळून घेतो. नाही म्हणाली. ‘आई आहे असं सांगेन, आणि शर्यत बघून ऑइल घेतलं, ऑइलासाठी गाडी घेतली, हेही सांगेन. दोन्ही खरं आहे. त्यांना मोजायचं तर मोजू देत, नाहीतर खोडू देत.’ मी म्हटलं, खोडलं तर पोरगी घरी येईल, तुला तेच हवं होतं ना? ती म्हणाली, ‘हवं होतं. पण माझ्या तोंडून नको. तिला आधी विचार, सांगू का म्हणून. ती नको म्हणाली तर मी त्या बाईसमोर येणारच नाही.’ आणि ‘मी विचारायला लावलं हे लिहू नकोस,’ असंही म्हणाली. तर ते मी लिहिलंय. माझ्याच्याने हा निरोप आता पोचवला जाणार नाही, भिंगरी, मी थकलो. तू मला उत्तर पाठवू नकोस. तिलाच फोन कर, शुक्रवारच्या आत, हो की नको ते तिला सांग. दुपारी कर, ती मैदानातून परत आलेली असते. पहिल्या रिंगला उचलणार नाही, मानी आहे. तू वाजत ठेव.

तुझाच,
मामा