पाण्याकाठी बोलू नये

३ तारीख, मंगळवार

पोहोचले एकदाची! ट्रायपॉड, दुर्बीण, दोन कॅमेरे आणि ती लांबलचक लेन्स पाहून बसच्या कंडक्टरने विचारलं, बाई शिकारीला निघालात का. एकतीस वर्षं इस्पितळात लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढले. आता निवृत्त झाल्यावर तरी पिसंवाल्यांचे फोटो काढीन म्हणते. हौसेला मोल नसतं.

घर छोटं पण झकास आहे. एकच खोली, जाड लाकडी दार, बाहेर चार पायऱ्या आणि पन्नास पावलांवर तळं. तळं म्हणजे अर्धं पाणी, अर्धी लव्हाळी, माणसाच्या डोक्यावरून जातील इतकी उंच. बस फक्त मंगळवारी आणि शनिवारी, तीही बांधाच्या टोकापर्यंतच. फोनला रेंज हवी तर लाकडी धक्क्याच्या पार टोकाला जाऊन उभं राहायचं. घरमालकिणीने किल्ली देताना एकच अट घातली, की पाण्याकाठी बोलायचं नाही. पक्षी उडतात म्हणून असेल. मला ती अट फार आवडली.

यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर अजून दोन आठवडे सोडणार नाहीत. सतरा तारखेच्या बसने येतो म्हणाले. तोवर मी राणी.

५ तारीख, गुरुवार

सकाळी साडेपाचला लपणात जाऊन बसले. लपण म्हणजे काठावरची गवताने शाकारलेली खोपटी, पुढे लेन्सपुरतं भोक. तीन तास बूड हलवलं नाही. टिबुकली पिल्लांना पाठीवर घेऊन गेली, खंड्याने दोनदा मासा पकडून एकदा पाडला, आणि एक बगळा माझ्याइतकाच निवांत उभा होता. इतकं सुख मला इस्पितळात पगाराच्या दिवशीही झालं नव्हतं.

एक सवय मात्र सुटत नाही. बटण दाबण्याआधी तोंडातून निघतंच: श्वास रोखा, हलू नका. मग खटका, मग सोडा. बगळ्याने निमूट ऐकलं. पेशंट कधी ऐकायचे नाहीत.

इथे एक नावाडी आहे, लव्हाळी कापून विकतो. मी त्याचं नाव मुकाट ठेवलंय. पाण्यावर चकार शब्द काढत नाही, बायकोला बोलवायचं तर वल्ह्याने डबा बडवतो. मुका असेल म्हणून मी हातवारे केले, तर दुपारी दुकानात हाच माणूस साखरेच्या भावावरून तावातावाने भांडत होता.

८ तारीख, रविवार

लव्हाळ्यांत बोरू-वटवट्या आहे. करड्या रंगाचा, मूठभर जीव, पण दिवसभर किरकिर चालू. ऐकू येतो, दिसत नाही. धक्क्यावरून यांना सांगितलं तर म्हणाले, आमच्या घरचा वटवट्या तिकडच्याला शोधतोय होय! फोन स्पीकरवरच ठेवते, हातात दुर्बीण असते ना. रोज अर्धा-अर्धा तास गप्पा होतात. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, एवढं आम्ही घरात कधी बोललो नसू.

आज एक युक्ती केली. वटवट्याचा आवाज टेप केला आणि त्यालाच ऐकवला. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून बिचारा ताडकन बाहेर आला, समोरच्या देठावर बसून छाती फुगवून ओरडू लागला. असा फोटो मिळालाय की बघतच राहावं! जाणकार म्हणतात, विणीच्या दिवसांत असं करू नये. पण दोन-तीनदा केल्याने काय होतंय.

१० तारीख, मंगळवार

दोन-तीनदा नव्हे, तीन दिवसांत चाळीसेक वेळा केलं. खरं लिहायला काय हरकत आहे. आज तो आला तेव्हा चोच उघडी, पंख लोंबलेले. नसलेल्या शत्रूशी भांडून भांडून दमला होता. मागे घरटं सापडलं. चारही अंडी गार. मादी निघून गेलेली.

लाज वाटली. अति तिथे माती, हे मी लेकीला उठता-बसता ऐकवायचे. आवाज पुसून टाकला.

निघताना लव्हाळ्यांतून कॅमेऱ्याचा खटका ऐकू आला. माझा कॅमेरा पिशवीत होता.

११ तारीख, बुधवार

पुन्हा खटका. एकदा, मग सलग पाच. दुसरा कोणी फोटो काढणारा आला असेल म्हणून लपणातून डोकावले. लव्हाळी जागची हलत नव्हती.

मग आतून एक बाई बोलली. श्वास रोखा. हलू नका.

आवाज माझा होता. तीच जराशी नाकातली लकब, तोच इस्पितळी कंटाळा. मी रोखलेला श्वास किती वेळ तसाच होता कोण जाणे. ती सोडा म्हणालीच नाही.

१२ तारीख, गुरुवार

मुकाटला घरात बोलावलं. त्याने आधी दार लावलं, खिडकी लावली, मग हळू आवाजात सांगितलं. आत काय आहे ते कोणी पाहिलेलं नाही. त्याला आवाज लागतो. ज्याचा सापडेल त्याच्या आवाजात ते त्याच्या माणसांना बोलावतं. वीस वर्षांपूर्वी मुकाटचा थोरला भाऊ आईची हाक ऐकून लव्हाळ्यांत शिरला. आई तेव्हा घरात तापाने पडली होती. चप्पलसुद्धा मिळाली नाही. कधी कधी पहाटे भाऊ हाक मारतो, मुकाट उत्तर देत नाही.

मी एरवी हसले असते. त्याने विचारलं, किती बोललात तिथे. मी सांगितलं. माझा आवाज गेला तर गेला, म्हटलं, इथे माझं कोण आहे बोलवायला. आणि मग फोनचा स्पीकर आठवला. आणि सतरा तारीख.

वटवट्याशी मी जे केलं, तेच आहे हे. फक्त भोकाच्या कुठल्या बाजूला कोण, एवढाच फरक.

१३ तारीख, शुक्रवार

ठरलं. घराबाहेर एक शब्द बोलायचा नाही. धक्क्यावर जाऊन यांना नुसता निरोप टाइप केला: येऊ नका. मीच उद्या येते. बोलू शकत नाही. लगेच त्यांचा फोन आला. उचलला नाही. पुन्हा आला. सात वेळा. वाजत्या फोनकडे बघत उभी राहिले, रडू आलं, तेही तोंडावर हात दाबून.

पाठीमागून लव्हाळ्यांत फोन वाजत होता. माझ्याच फोनची धून.

१४ तारीख, शनिवार

बस गाठायला निघाले. सामान सगळं इथेच ठेवलं, कॅमेरेसुद्धा. बांधावरून निम्म्या वाटेत होते तेव्हा यांनी हाक मारली. अगं, थांब ना. गुडघा सरकलाय माझा, उठता येत नाहीये. अगदी जवळून, दहा हातांवरून. हे वाक्य ते फोनवर कधीच बोलले नव्हते.

म्हणजे आता लव्हाळ्यांतलं ते नुसतं घोकत नाही. ऐकलेले तुकडे जोडतं.

मला माहीत होतं. मनात नाही नाही म्हणत होते आणि पाय उतरत होते. मांडीपर्यंत गाळात गेल्यावर मुकाटने वल्ह्याने मागे ओढलं. घोटा दगडात अडकून पिरगळला. एक्स-रे न काढता सांगते, मोडलाय. बस गेली.

मुकाटने घरापर्यंत पाठीवर आणलं. त्याला कागदावर लिहून दिलं: मंगळवारी बसपाशी थांब, यांना तिथूनच परत पाठव. त्याने मान डोलावली. एवढाच आधार.

१५ तारीख, रविवार

दाराला पाठ लावून बसलेय. पाय भोपळ्याएवढा झालाय. धक्क्यापर्यंत जाणं शक्य नाही.

बाहेर ते दोघं गप्पा मारतायत. मी आणि हे. हवापाणी, लेकीचं बाळ, माझी चेष्टा. ती मी हसते तेव्हा हुबेहूब मी. आमच्या संसारातली इतकी सुरेख दुपार मीच बाहेरून ऐकतेय.

बोलावंसं वाटतं. जीभ दाताखाली धरून—

१६ तारीख, सोमवार. सकाळ

सगळं शांत. वटवट्यासुद्धा नाही.

उद्या मंगळवार. मुकाट थांबेल. थांबेल ना—

१६, दुपार

बांधावर गाडी थांबल्याचा आवाज. बसची वेळ नाही, वारही नाही. मुकाट आज बाजाराला जातो.

काठी टेकत कोणीतरी येतंय. पायऱ्या चढतंय. एक पाय ओढत.

दार वाजतंय. अगं, मी आलोय. फोन उचलत नाहीस, बोलता येत नाही म्हणतेस, जिवाला काय घोर लागला माझ्या. भाड्याची गाडी करून आलो. उघड.

उघडणार नाही. सगळं जोडता येतं त्याला. गुडघाही येतो, काठीही येईल.

आवाज चिडतोय. आता रडवेला होतोय. यांना रडताना मी एकदाच ऐकलंय, सासूबाई गेल्या तेव्हा. असंच.

ते लिहू शकणार नाही. लिहिता आलं तर बाहेर खरे हेच. पान फाडलं: लग्नानंतरचं पहिलं भांडण कशावरून? पेन्सिलीसकट दाराखालून सरकवलं.

म्हणतंय, चष्मा गाडीत राहिला. वाचून दाखव ना.

बोलायला लावतंय मला. नाही. नाही.

बाहेर एकेक अक्षर लावत पुटपुटणं. कागद खरखरतोय—

कागद आत आला. उजवीकडे कललेलं अक्षर, मोठं मोठं, चष्म्याशिवायचं. लिहिलंय: उशीवरून. वेडे, दार उघड.

त्यांचंच अक्षर, उत्तरही बरोबर. हेच आहेत! हेच. कडी वर आहे, पायावर उभं—

लव्हाळ्यांतून मी हाक मारली. अहो, इकडे! पाण्यात पडलेय, लवकर या.

ते म्हणाले, आलो गं, हलू नकोस. काठी पायऱ्या उतरतेय. एक. दोन.

ओरडायला हवं. पण मी ओरडले की लव्हाळ्यांतली तीही ओरडेल, घरात कोणी नाही, इकडे या, आणि माझं दार बंद, आणि ते कुठल्या मला खरं मानतील—