हवेलीच्या सिनेमातलं दीड मिनिट

सोमवार, १ ऑगस्ट २००५, देवास

माझ्या सीडीची कव्हरं छापून आली. पिवळी! मी निळी सांगितली होती. झेरॉक्सवाला म्हणाला, "भाभीजी, पीला दूर से दिखता है." बरं. पिवळी तर पिवळी.

वर नाव — 'हवेली की ऐसी की तैसी'. खाली बारीक अक्षरात — टीवी की आवाज़ बंद करो, हमारी सीडी चालू करो. माझं नाव, कोमल, कुठेच नाही. 'देवासवाली काकी' एवढंच. मला आत्ता तिसावं लागलंय. पण काकी म्हटलं की लोक ऐकून घेतात.

ही वही मराठीत लिहिते, कारण विपुल हिंदी शाळेतला. मराठी फर्राटेदार बोलतो, वाचायला घेतलं की दुसऱ्या ओळीला जांभई. नवऱ्यापासून लपवण्यासारखं काही नाही माझ्याकडे. तरी.

मंगळवार, २ ऑगस्ट

हे सगळं सुरू कसं झालं ते एकदा लिहून टाकते. कोणी विचारलं की मला नीट सांगता येत नाही.

गेल्या वर्षी वैशाखात माझं ऑपरेशन झालं. पूर्ण भूल दिली होती. शुद्धीवर आले तेव्हा सगळं उरकलं होतं. मुलगी. "मेलेलीच झाली गं," माई म्हणाल्या. माई म्हणजे सासूबाई. विपुल पायाशी उभा होता. तो काहीच बोलला नाही. मी बघितलं नाही तिला. दाखवायला काही उरलंच नव्हतं, घेऊन गेले होते.

त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. दुःखसुद्धा नाही. दात काढून आल्यावर गाल असतो ना, तसं. आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही.

शाळेतली नोकरी सोडली. दुपारी माई झोपायच्या म्हणून टीव्ही आवाज बंद करून बघायचे. एकदा जुना काळा-पांढरा भुताचा सिनेमा लागला. बाई मेणबत्ती घेऊन एवढ्या मोठ्या हवेलीत फिरतेय. मी टीव्हीला म्हटलं — "बिजली का बिल भरलं असतंस बाई, तर लाइन कापली नसती!" मागे कोणीतरी हसलं. विपुल! फर्स्ट शिफ्ट करून आलेला, दारात उभा, हातात टिफिन. त्या घरात आठ महिन्यांनी कोणी हसलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो कॉम्प्युटरला लावायचा माइक घेऊन आला.

तेव्हापासून मी बोलते, विपुल ते सीडीवर उतरवतो; लोकांनी सिनेमा लावायचा आणि टीव्हीच्या आवाजाऐवजी मला ऐकायचं. पूर्ण सिनेमाभर. हिंदी, माळवी, मराठी — जे तोंडात येईल ते. भूत जिना उतरलं की म्हणते, मीटर रीडिंगवाला आला. भुताचे केस बघून म्हणते, हँडपंपाचं पाणी आहे बिचारीच्या घरी. लोक हसतात. मला हसू येत नाही. पण बोलायला त्रासही होत नाही.

मंगळवार, ९ ऑगस्ट

उमाशंकर भियांच्या — इकडे भैयाचं भिया होतं — व्हिडिओ लायब्ररीत गेले. सिनेमाची सीडी तिथूनच भाड्याने जाते, तर माझी सोबत ठेवा म्हटलं.

"रख तो लूँ भाभी. पर लोग पूछेंगे, इसमें हीरो कौन है?"

"कोई नहीं. मैं हूँ."

"आप तो दिखोगी नहीं."

"सुनाई दूँगी."

त्यांनी दुकानातच लावली. पाच मिनिटांत तीन गिऱ्हाइकं आत आली. मीटर रीडिंगवाल्यावर एक जण काउंटरला धरून हसला. मग भियांनी विचारलं, "ये आदमी कौन है जो औरत की आवाज निकाल रिया है?"

मी पुन्हा सांगितलं, मीच ती. त्यांनी परत एकदा माझ्याकडे बघितलं. ठेवल्या दहा.

शनिवार, २० ऑगस्ट

केबलवाल्याने टीव्हीच्या खालच्या पट्टीत जाहिरात चालवली. 'काकी'चं 'काफी' झालं! दिवसभर — देवासवाली काफी, एक बार ज़रूर आज़माएँ. दोघांचे फोन आले. कॉफी पावडर आहे का?

विपुल पोट धरून हसला. मी फोन ठेवून भाजी चिरली.

गुरुवार, २५ ऑगस्ट

पेपरवाल्याकडून पेपरांत जाहिरातीच्या तीनशे चिठ्ठ्या घातल्या. आमच्या घरी आलेल्या पेपरातही एक निघाली. माईंनी तिच्यावर लसूण सोलला.

रविवार, ११ सप्टेंबर

काल महाराष्ट्र समाजाच्या गणपतीत कार्यक्रम. दुपारी बायकांच्या स्पर्धा झाल्या आणि मग मी. स्टेजवर टीव्ही, मी पडद्यामागे माइक घेऊन. मला असंच हवं होतं.

हॉल हसत होता. मला पडद्याच्या फटीतून नुसते दात दिसत होते, ओळीने. आनंद झाला असेल मला. तपासून बघितलं नाही.

माई पहिल्या रांगेत, हात मांडीवर, चेहरा फोटोतल्यासारखा. गेला महिनाभर त्यांचं एकच — "घरची सून भुताखेतांना नावं ठेवते, आणि ते दुकानात मांडते! काय म्हणावं!" शेजारच्या बाईंनी त्यांना विचारलं, "कोण हो ही काकी? बोलते छान." मी कान देऊन होते. माई म्हणाल्या, "आमची सूनबाई." आणि पदर सारखा केला. बस, एवढंच.

सिनेमातला पाळण्याचा सीन यायच्या आत आरतीची वेळ झाली. बरं झालं.

बावीस सीड्या गेल्या. पाहुणेमंडळी घेऊन गेली — इंदूर, धार, कुठे कुठे.

सोमवार, १९ सप्टेंबर

भियांनी बागलीच्या दुकानदाराला दिलेल्या पाचही सीड्या परत आल्या. उमाशंकर भिया म्हणाले, "बीच में माल खराब है भाभी. डेढ़ मिनट आवाज़ ही नी आती. लोग मशीन ठोकते हैं."

माल खराब नाही. तिथे मी बोलतच नाही.

हवेलीत वरच्या खोलीत एक पाळणा असतो. आपोआप हलत राहतो. दीड मिनिट तेवढंच दाखवतात. पहिल्यांदा रेकॉर्ड केलं तेव्हा तिथे आवाज निघाला नाही. दुसऱ्यांदाही नाही. विपुल कॉम्प्युटरपाशी बसलेला, पडद्यावरची आवाजाची रेघ सपाट चाललेली बघत होता. "राहू दे," म्हणाला. राहू दिलं.

भियांना म्हटलं, तांत्रिक गडबड आहे. ते म्हणाले, "तो सुधरवा लो. वरना अपन आगे नी रख पाएँगे."

बुधवार, २१ सप्टेंबर

माइकसमोर बसले. पाळणा आला. पाळणा गेला. उठले.

शनिवार, २४ सप्टेंबर

धारहून फोन. कव्हरवरचा नंबर बघून. आधी एक मुलगी बोलली, ऋजुता — माहेर देवासचं, गणपतीत आली होती, सासऱ्यांसाठी सीडी घेऊन गेली. "बाबांना बोलायचंय तुमच्याशी."

चिंतामणी काका. निवृत्त ड्रॉइंग मास्तर. आवाज खणखणीत, मराठी अगदी जुनं.

"नमस्कार. आपली सीडी मी अकरा वेळा ऐकली. काचबिंदूने दृष्टी जाऊन मला सहा वर्षं झाली. टीव्ही लावतो, पण नुसते दरवाजे वाजतात आणि बायका किंचाळतात, कळत काही नाही. मी टीव्हीचा आवाज बंद करत नाही हं, दोन्ही लावतो. आपण म्हणता — आली बघा, मेणबत्ती घेऊन, पदर कडेने पेटणार आता — तर मला ती दिसली हो! सहा वर्षांनी सिनेमा बघितला मी."

मी म्हटलं, "मी तर नुसती थट्टा करते काका."

"थट्टा करायला आधी नीट बघावं लागतं. शाळेत मी हेच शिकवत होतो." मग म्हणाले, "एक विचारायचं होतं. मध्येच आपण गप्प होता. तेव्हा पडद्यावर काय असतं?"

"काही नसतं."

"असं कसं? करकर ऐकू येते. लाकडाची."

मी म्हटलं, दूध उतू जातंय. ठेवला फोन. गॅसवर काहीच नव्हतं.

सोमवार, २६ सप्टेंबर

अकरा वेळा! तेवढी मीही ऐकली नाही.

गुरुवार, २९ सप्टेंबर

ऋजुताचा परत फोन. "बाबा म्हणतात, फोनवर जमत नसेल तर घरी या. रविवारी या. मी पोहे करते." मी हो म्हटलं. का म्हटलं कळेना.

विपुल म्हणाला, "मी पण चलतो."

सोमवार, ३ ऑक्टोबर

काल धारला जाऊन आलो. सकाळची बस, इंदूरला बदलून.

घर साधं, स्वच्छ. पलंगावर बाग गावच्या ठशांच्या छपाईची चादर. काका खुर्चीत ताठ बसलेले, धुतलेला सदरा, भांग पाडलेला. मी आत शिरले तर म्हणाले, "आपण उंच आहात. आवाज वरून येतोय." विपुल कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. पोहे खाल्ले. वर रतलामी शेव. चव लागली का, आठवत नाही.

मग ऋजुताने सिनेमा लावला. माझी सीडी नाही, मीच बोलत होते, काकांच्या शेजारी बसून. काका खो खो हसत होते, मांडीवर थाप मारून. पाळणा आला. मी गप्प झाले.

"बोला," काका म्हणाले.

टीव्हीतून करकर येत होती.

"पाळणा आहे," मी म्हटलं. "लाकडी. रिकामा आहे. कोणी हलवत नाहीये, हलतोय."

"आत काही अंथरलंय?"

"गोधडी."

"रंग?"

"काका, सिनेमा काळा-पांढरा आहे."

ते हसले. "अरे हो! पुढे?"

"ती बाई आत येते. मेणबत्ती वर धरते. वाकून बघते. आत कोणी नाही. तिला माहीत होतं कोणी नाही, तरी बघते आहे." आणि मग त्याच आवाजात, न थांबता, माझ्या तोंडून निघालं — "मी आमची बघितलीच नाही. मुलगी होती. मेलेली झाली. मला भूल होती."

ऋजुताने टीव्ही बंद केला. काकांनी अरेरे म्हटलं नाही. देवाची मर्जी म्हटलं नाही. आत्तापर्यंत सगळ्यांनी म्हटलंय.

त्यांनी एवढंच विचारलं, "मग कशी होती, हे आपल्याला कुणी सांगितलं का?"

"नाही."

"आपण विचारलंत?"

"नाही."

"ज्यांनी बघितलं, त्यांना विचारावं," काका म्हणाले. "न दिसणाऱ्याला दुसरा उपाय नसतो. मी रोज विचारतो. ऋजुता कंटाळते, पण सांगते."

विपुल उठला आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला. आम्ही निघेपर्यंत आत आला नाही.

 परतताना घाटाबिल्लोदला बस थांबली तर विपुल उतरून एक भुट्टा घेऊन आला. अर्धा मोडून मला दिला. मी खाल्ला. त्याने त्याचा अर्धा हातात तसाच धरून ठेवला, थेट इंदूरपर्यंत.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

दीड मिनिट रेकॉर्ड झालं! एका दमात. पाळणा कसा आहे, गोधडी कशी आहे, बाई कशी वाकते. विनोद एकही नाही.

उमाशंकर भियांना ऐकवलं. ते काउंटरवर कोपर टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिले. "भाभी, ये हँसी वाली जगह तो नी है."

"हौ. नी है."

"चलेगी," म्हणाले. आणि वीस मागितल्या.

विपुलने कॉम्प्युटरपाशी बसायला नकार दिला. डोकं दुखतंय म्हणाला. मीच बटणं दाबली.

बुधवार, ५ ऑक्टोबर

माईंना विचारलं. "माई, तुम्ही बघितली होती ना तिला? कशी होती?"

माई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. "झालं गेलं, कोमल. तेव्हाच ठरलं होतं सगळ्यांचं, तुला त्रास नको म्हणून."

"काय ठरलं होतं?"

"त्याला विचार," म्हणाल्या. आणि सूप घेऊन आत गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा माईंनी तांदूळ अर्धे टाकले.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

विपुलला विचारलं. सकाळी, तो बूट घालत होता. त्याने बूट काढून ठेवले, कामावर गेला नाही.

ती मेलेली झाली नव्हती. बावीस मिनिटं जगली. विपुलच्या हातात. केस खूप होते, काळे, ओले. एक डोळा उघडत होती.

मी विचारलं, "बावीस मिनिटं काय करत होतास?"

म्हणाला, "बोलत होतो तिच्याशी. मला काही सुचेना कोमल. खिडकीतून जे दिसत होतं ते सांगत बसलो. ही टेकडी. हे माताजीच्या देवळाचं निशाण. हा सायकलवाला पडला बघ. ही तुझी आई, झोपलीये, उठेल आता."