दाराजवळची खुर्ची

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ, कुटुंबांवर उपचार करणारी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. कोणाचा दबाव नाही. भीती आहे. पण घाबरलेला माणूस शुद्धीवर असतो, हे मी तज्ज्ञ म्हणून लिहून देते.

कारण असे. मागच्या बैठकीत एक शाळकरी मुलगी पहिल्यांदाच बोलली, "बाबा आईला मारतात." निघताना तिचे वडील माझ्या कानाशी म्हणाले, "डॉक्टरबाई, माझं घर मोडलंत. आता तुमची पाळी." उद्या फक्त मायलेकींना बोलावले आहे, पण वेळ वडिलांना माहीत आहे. वेळ बदलायची तर निरोप त्यांच्याच फोनवर जातो. पोलिसांना सांगितले. "काही झालं तर कळवा," म्हणाले. म्हणून आधीच कळवून ठेवते.

बँकेतली शिल्लक आईला. ती धाकट्या भावाच्या दुकानात घालू नये. तिने आपले दात करून घ्यावेत. काल फोनवर म्हणाली, "लोकांना बोलतं करतेस आणि मला काही सांगत नाहीस. जेवलीस का, तेवढं तरी सांग." जेवले, म्हणाले. ते खोटे होते.

दवाखान्याच्या दारावरची पाटी माझ्या बाबांना. ते घरे रंगवतात. घरातली पहिली पदवी म्हणून त्यांनी 'डॉक्टर' इतके मोठे रंगवले की माझे नाव कोपऱ्यात गेले.

"वेड्यांची डॉक्टर? स्थळांना काय सांगायचं?" म्हणणाऱ्या थोरल्या काकांना काहीही नाही. माझा शांतपणा देणार होते, पण तो सध्या माझ्याकडेच नाही.

आम्हाला शिकवतात, दाराजवळ डॉक्टरने बसावे, म्हणजे प्रसंगी सुटता येते. मी ती खुर्ची नेहमी घरातल्या सर्वांत घाबरलेल्या माणसाला दिली. मुलगी तिथे बसली, म्हणून बोलली. उद्या मात्र धोका बाहेरून येणार. मायलेकी मागच्या जिन्याकडे बसतील. दाराशी मी बसेन. सुटण्यासाठी नव्हे, येणारा आधी माझ्यापाशी थांबावा म्हणून.

काही झालेच, तर मायलेकींची पुढची बैठक माझ्या वरिष्ठ डॉक्टरांनी घ्यावी. तू बोललीस म्हणून असे झाले, हे मुलीला कोणीही म्हणू नये. तिने विचारले तर सांगावे: तू खरे बोललीस. बाई घाबरल्या होत्या, तरी आल्या.

साक्षीदार: स्वागतकक्षातल्या मावशी. ("असलं अभद्र लिहू नये गं. आण इकडे पेन.")
साक्षीदार: शेजारचे दातांचे डॉक्टर.

ठिकाण: माझा दवाखाना
दिनांक: बैठकीच्या आदल्या दिवशी, दुपारी
सही