फोडाशेजारची कातडी

१४ जून

प्रिय भावोजी,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू देतो. वाचनालय आता मला एका वेळी तीन पुस्तकं देतं. बाई परत आणून देतात एवढी खात्री पटली असावी.

तुमचंही ठीक असेल, असं लिहिणार होते. पण तुमच्या धाकट्या लेकीचा फोन आला होता. जेवताना तुमचं तोंड झोंबतं, पाठीवर फोड आलेत आणि तपासणीला तुम्ही नाही म्हणता. तिच्यावर रागावू नका.

ह्यांच्या पाठीवरची पट्टी बघून तुम्ही म्हणाला होतात, "वहिनी, चांगल्या कातडीला सुरी लावू दिलीत?" त्यानंतर आपण बोललो नाही.

हेही डॉक्टरबाईंना तेच म्हणाले होते, "अहो, तेवढीच तर धड उरलीय." बाई हसल्या. म्हणाल्या, "फोड म्हणजे चोर पळून गेलेलं घर. मला शेजारच्या घरात बघायचंय, तिथे तो अजून आहे."

आधीच्या दवाखान्यात तपासणीचा तुकडा फोडावरचाच घेतला होता, आणि सवयीने फॉर्मॅलिनच्या, म्हणजे तुकडा टिकवायच्या औषधाच्या, बाटलीत टाकला होता. त्यात बाईंच्या तपासणीत दिसणारी चमक मरते. रिपोर्टात काही निघालं नाही, आणि आम्ही तोंड आल्याची औषधं घेत बसलो. तुमचा भाऊ त्या दिवसांनी नेला, सुरीने नव्हे.

इम्युनोफ्लुरेसन्स म्हणतात त्या तपासणीला. वाचून वाचून पाठ केलं. शरीर आपल्याच कातडीचे सांधे उसवत असेल, तर तिथे एक रंग चिकटतो आणि उजळतो.

हे गेल्यावर मी कागद आणायला गेले, तेव्हा बाईंनी मला अंधाऱ्या खोलीत नेलं. सूक्ष्मदर्शकात काळोख, आणि त्यात हिरवी जाळी, मधाच्या पोळ्यासारखी. घरात हे कुठेच उरले नव्हते, आणि इथे उजळत होते.

"फार वेळ बघू नका," बाई म्हणाल्या. "या उजेडात बघाल तसं ते विझत जातं."

मी डोळा काढून घेतला.

अजून दिवा मालवला की पापण्यांआड ती जाळी येते. मी हलत नाही.

तुमची जाळी मला बघायची नाही. ती बाईंनी बघावी, तुम्ही चालते-बोलते असताना. चांगली कातडी द्या, आणि बाटलीत काय आहे ते विचारा. कटकट्या माणूस म्हणतील, म्हणू देत. मी गुरुवारी येतेय, तुम्हाला घेऊन जायला. दार उघडा.

तुमची,
अजूनही वहिनीच