आजींच्या संडासाची नोंद

१७ नोव्हें., सोम.
मानपाड्याचं काम आपल्याकडे आलं. आणि गल्ली कुठली, तर अनिकेतचीच! जुनी गटारलाइन, जागोजागी तडे. अ.ला फोनवर समजावलं, की रस्ता खोदायचा नाही. जुन्या पाइपात रेझिनने भिजलेला लांबच लांब मोजा सरकवायचा, गरम पाण्याने फुगवून कडक करायचा, जुन्याच्या पोटात नवा पाइप तयार. म्हणतो, "आईला सांगतो, सून मोजे विणते." मूर्ख आहे. आवडतो.
साखरपुडा ४ डिसें.ला, पौर्णिमेचा. सतरा दिवस.

१९ नोव्हें., बुध.
आज घरोघर फिरून संडासात लाल रंगाचं पाणी ओतलं. रंग पाइपात सोडलेल्या कॅमेऱ्यात दिसला की ती जोडणी चालू. लाइनिंगने, म्हणजे त्या मोज्याने, सगळ्याच जोडण्यांची तोंडं झाकली जातात, मग चालू असतील तेवढी यंत्राने आतून कापून उघडायची.
अ.च्या दारात मी हेल्मेट, जॅकेट, हातात लाल बादली. होणारी सून अशा अवतारात कुणाकडे गेली नसेल. कदम सर यादी घेऊन पुढे. "ताई, संडास किती?"
काकू, म्हणजे अ.ची आई, म्हणाल्या, "एकच." माझ्याकडे बघितलं नाही.
दोन आहेत. मागची खोली परवानगीशिवाय वाढवलेली, तिथे अ.च्या आजींसाठी कमोड बसवलाय. दिवाळीत गेलेले तेव्हा मीच वापरलाय. काकूंना भीती, पालिकेला कळलं तर खोली पाडतील.
मी पुढच्याच संडासात रंग ओतला आणि निघाले.

२० नोव्हें., गुरु.
व्हिडिओ बघितला. १७.४० मीटरवर, घड्याळात दोन वाजतात त्या बाजूला, एक भोक. कोरडं. सर म्हणाले, "जुनं मेलेलं कनेक्शन दिसतंय. बंद लिही."
लिहिलं. मागच्या घरांना कधीकधी स्वतःची सेप्टिक टाकी असते, आजींचंही तिकडेच जात असेल. अ.ला एका फोनमध्ये विचारता आलं असतं. नाही विचारलं.

२२ नोव्हें., शनि.
लाइनिंग झालं! सकाळी आठ ते पाच कुणी पाणी सोडायचं नाही, असं कालपासून बजावलेलं. तरी कोपऱ्यावरचे काका दर तासाला येऊन, "झालं का? नाही, सहज विचारतो." काकूंनी सगळ्या टीमला पोहे पाठवले. वर मला दम, "अगं, उन्हात काय उभी राहतेस?" किती बरं वाटलं.
संध्याकाळी यादीतल्या सगळ्या जोडण्या कापून उघडल्या. यंत्र दुसऱ्या साइटवर गेलं.

२३ नोव्हें., रवि.
अ.चा फोन. आजींचा कमोड भरून वर आलाय. मागून काकूंचा आवाज, "तिला कशाला सांगतोस? प्लंबर येतोय."
प्लंबर काय करणार? पुढे आमचा नवाकोरा पाइप आहे, बंद.
मी फक्त "बघते" म्हटलं. स्वतःचीच इतकी चीड आली.

२४ नोव्हें., सोम.
ऑफिसच्या आधी तिकडे गेले. पुढच्या संडासाला तीन पायऱ्या. आजींना एकीकडून अ., दुसरीकडून काकू धरून नेत होते. मला बघून आजी हसल्या. "बघ गं, माझी वरात निघाली."
अ. हळूच म्हणाला, कालपासून ती पाणीच पीत नाही. सारखं जायला लागू नये म्हणून.
तिथेच ठरलं. काकूंना म्हटलं, "मी सरांना सांगणार आहे."
"आणि खोली पाडली तर? त्यांना कुठे झोपवू मी? अगं, तू या घरात येणार आणि तूच..."
"काकू, तुम्ही भीतीने लपवलंत. मी तुमच्या नजरेत चांगली दिसावी म्हणून लपवलं." हे मी खरंच मोठ्याने बोलले.
सरांना सगळं सांगितलं. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. "यंत्र उद्या परत मागवतो. पण रिपोर्टमध्ये खरं जाईल. तू लिहायचं."

२५ नोव्हें., मंगळ.
कापलं. काकू पहिल्यांदा आमच्या कॅमेऱ्याच्या गाडीपाशी आल्या, माझ्या मागे उभ्या राहून स्क्रीन बघत होत्या. गोल तुकडा सुटला. मी अ.ला फोनवर म्हटलं, पाणी सोड. आजींनी स्वतः फ्लश ओढला म्हणे. स्क्रीनवर पाणी धो धो. गल्लीभर ऐकू जाईल असा अ. ओरडला, "गेलंऽ!"
काकूंनी ओढणी तोंडाला लावली. माझ्याशी न बोलताच आत गेल्या.

२६ नोव्हें., बुध.
रिपोर्ट. 'मंजूर / विनापरवाना' या रकान्यात विनापरवाना. शेऱ्यात लिहिलं, 'वृद्ध व्यक्तीच्या वापरासाठी. ही जोडणी पाहणीच्या वेळी मला माहीत होती, नोंदवली नाही.' सही.
सर वाचून म्हणाले, "दुसरं वाक्य नसतं तरी चाललं असतं." मला नसतं चाललं.
पालिका पाडेल की दंड घेऊन नियमित करेल, सरांनाही सांगता येत नाही.
अ.: "आई माझ्याशीपण बोलत नाहीये. तू बरोबर केलंस. पण मला तुम्ही दोघी हव्यात ना गं."
मलाही रे.

२८ नोव्हें., शुक्र.
दुपारी काकूंचा फोन.
"आजी आता पाणी पितात." मग, "नोटीस कुणाच्या नावाने येते?"
"घर ज्यांच्या नावावर, त्यांच्या. म्हणजे तुमच्या."
"मला ती भाषा कळत नाही. आली की तू वाचायला ये. उत्तरही तूच लिही, तुला खरं लिहायची हौस आहे ना."
हसल्या की टोमणा मारला, कळलं नाही. साखरपुड्याचं नावही काढलं नाही. मी धीर करून विचारलं, "काकू, चार तारखेच्या आधीच आली तर?"
"आधी आली तर आधी ये," म्हणाल्या आणि फोन ठेवला.