तेवीस जणींचे मूळ कागद

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

आजपासून सिस्टर अंजुम नाही — एचआर अंजुम! अकरा वर्षं पायांचे तुकडे पडेपर्यंत वॉर्डात राबले, ड्यूटी सांभाळून एमबीए केलं, आणि आज त्याच हॉस्पिटलात मला खुर्ची. बसायची! कळमनुरीहून अम्मीचा फोन — "सुया टोचत होतीस तं लोकं सलाम करत होते. आता कागदं टोचून काय करून राहिली?" हसू आवरेना.

५ ऑगस्ट

खुर्चीमागे लोखंडी कपाट, चावी माझ्याकडे. आत तेवीस नर्सेसचे मूळ कागद — मार्कशीट, नोंदणी, सगळं. नोकरीला लागताना जमा करायचे, दोन वर्षं भरल्याशिवाय परत नाही. पोरी सोडून जाऊ नयेत म्हणून! माझेही होते एकेकाळी. तेव्हा वाटायचं, रीतच असेल.

७ ऑगस्ट

मंतशा आली. डोंगरकड्याची पोरगी, माझ्याच हाताखाली शिकलेली. सरकारी स्टाफ नर्स म्हणून निवड झाली तिची! पण १३ तारखेला मूळ कागद दाखवायचे, नाहीतर नाव कटणार. "आपा, आता तं चावी तुमच्याकडंच हाय न." मी म्हटलं, सरांना विचारते. मान खाली घालून गेली. सीमा सिस्टरने ऐकलं होतं. "खुर्ची भेटली की माणूस बदलतंच, व्हय न?" फार झोंबलं.

८ ऑगस्ट

मोठे डॉक्टर — हॉस्पिटल त्यांचंच — म्हणाले, "एकीला दिले की सगळ्या जातील. द्यायचे नाहीत. तुम्हीच सांगा तिला, सिस्टर." अजून सिस्टरच! आणि मी "हो सर" म्हणून बाहेर आले. लाज वाटते.

११ ऑगस्ट, सोमवार

जमलं!!

दोन दिवस घास गोड लागला नव्हता. सकाळी पुन्हा सरांकडे गेले. वॉर्डात यांचाच कडक नियम — तोंडी ऑर्डरवर काही करायचं नाही, डॉक्टरची सही पाहिजे. एकदा सहीशिवाय इंजेक्शन दिलं तर सगळ्यांसमोर झाडलं होतं मला. म्हणून आज वही पुढे केली. "सर, कागद देऊ नयेत असं लिहून सही करा. मंतशाला दाखवते."

त्यांनी पेन उघडलं. लिहीनात! असलं काही लेखी दिलं तर उद्या अंगाशी येईल, हे कळतं त्यांना. पेन बंद केलं. "द्या तिचे."

"बाकी बावीस जणींसाठीही लेखीच लागेल, सर." एवढी हिंमत कुठून आली, अल्लाच जाणे!

"द्या सगळ्यांचे. पण गेल्या तर जबाबदारी तुमची."

"बराबर, सर."

१२ ऑगस्ट

सह्या घेऊन सगळे कागद वाटले. वॉर्डातली दीपा मार्कशीट छातीशी धरून रडली. सीमाने माझ्यासाठी चहा आणला — तोही वेलची घालून.

१३ ऑगस्ट

मंतशाचं काम झालं! फोनवर नुसती ओरडत होती. मीही ओरडले. ऑफिसात!

१८ ऑगस्ट

आठवडा झाला. रोज आल्या आल्या आधी हजेरी उघडायची. मंतशा सोडली तर एकीचाही राजीनामा नाही. बावीसच्या बावीस! जिंकले मी. चक्क जिंकले.

२१ ऑगस्ट

मोठे डॉक्टर आज रिकामं कपाट बघून गेले. जाताना म्हणाले, "माझेही कागद तीन वर्षं असेच अडकवले होते, सिस्टर. सरकारी पोस्ट हातची गेली."

म्हणजे कागद अडकले की काय होतं, यांना सगळं माहीत होतं!